सल्ला हवा: 'क्रोनो ट्रिगर' पुन्हा खेळायचा आहे, हँडहेल्डवर कुठली आवृत्ती घ्यावी?

अर्धवट_डाव

नमस्कार मंडळी,

शाळेत असताना एका सुट्टीत मावसभावाच्या घरी टीव्हीला जोडलेल्या सुपर निन्टेंडोवर 'क्रोनो ट्रिगर' हा काळप्रवासाचा व्हिडिओ गेम खेळलो होतो. खेळायचा तो, मी शेजारी बसून वहीत नकाशे काढायचो आणि तो जेवायला उठला की कंट्रोलर माझ्या हातात. जादू मिळवण्यासाठी त्या छोट्या खोलीत भिंतीला लागून तीन फेऱ्या मारायच्या असतात, तेव्हा तो फेऱ्या मोठ्याने मोजत होता, ते अजून कानात आहे. मेगस या जादूगार शत्रूच्या किल्ल्यापर्यंत पोचलो आणि सुट्टी संपली. पुढचं मी कधीच पाहिलं नाही. इतक्या वर्षांत कुठे वाचलंही नाही, मुद्दाम.

आता घरात एक थ्रीडीएस (निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा कन्सोल, त्यावर जुन्या डीएसचे गेमही चालतात) पडून आहे. टीव्हीसमोर दोन तास बसणं होत नाही, पण रात्री झोपण्याआधी अर्धा तास आणि प्रवासात थोडा वेळ मिळतो. तर विचारायचं असं की,

डीएसची कार्ट्रिज घ्यावी की फोनवर खेळावा? नव्या आवृत्तीत मूळ खेळाची मोडतोड तर केलेली नाही ना? आणि तिसरं, जे खरं विचारायचं आहे: लहानपणी जे इतकं भव्य वाटलं होतं ते आता तळहाताएवढ्या पडद्यावर बघून मन खट्टू होईल का?

एक विनंती, किल्ल्याच्या पुढचं काही सांगू नका.

रानवाट

डीएस. डोळे झाकून डीएस.

जुना_कंट्रोलर

रानवाट यांना अनुमोदन, फक्त कारणं देतो.

मूळ गेम मार्च १९९५ मध्ये जपानात आला. डीएसची आवृत्ती २००८ च्या नोव्हेंबरात जपान आणि अमेरिकेत आली, युरोपात २००९ च्या फेब्रुवारीत. युरोपला तर हा गेम अधिकृतपणे पहिल्यांदा मिळाला तो याच रूपात. मूळ खेळाला हात लावलेला नाही. तेच पिक्सेल, तेच संगीत, तीच लढाई. मध्ये मध्ये प्लेस्टेशनच्या आवृत्तीतली ॲनिमेशनची दृश्यं आहेत, मात्र तिथे डिस्कमुळे मेन्यू उघडायलाही ताटकळावं लागायचं, तसं इथे होत नाही.

लढाईतला फरक एकच आणि तो चांगला आहे. सगळे हुकूम खालच्या पडद्यावर जातात, वरचा मोकळा राहतो. 'क्रोनो ट्रिगर'मध्ये हे महत्त्वाचं आहे, कारण शत्रू कुठे उभा आहे यावर डाव ठरतो. नायक क्रोनोची गिरकी एका शत्रूवर मारली तरी आसपासचे सगळे त्यात सापडतात. शत्रू सारखे सरकत असतात, दोघं जवळ येईपर्यंत थांबायचं आणि मग गिरकी सोडायची. मूळ गेममध्ये नेमका तेव्हाच पडद्याचा खालचा भाग मेन्यूने झाकलेला असायचा. तुम्हाला जुनीच मांडणी हवी असेल तर तीही सेटिंगमध्ये आहे.

थ्रीडीएसवर एक गोष्ट नक्की करा. डीएसचा गेम तिथे ताणून दाखवला जातो आणि पिक्सेल धुरकट होतात. गेम सुरू करताना स्टार्ट किंवा सिलेक्ट बटण दाबून धरा, चित्र मूळ आकारात येईल. जरा लहान दिसेल, पण काचेसारखं स्वच्छ. चित्रकार अकिरा तोरियामांनी रेखाटलेली ही पात्रं आहेत, ती धुरकट बघू नयेत असं मला मनापासून वाटतं. २०२४ च्या मार्चमध्ये ते गेले तेव्हा मी हीच कार्ट्रिज काढून पहिली जत्रा पुन्हा फिरून आलो होतो.

पानगळ

थोडं वेगळं मत मांडते. फोनवरची आवृत्ती अगदीच टाकाऊ नाही. आपोआप सेव्ह होतं, त्यामुळे मध्येच उठावं लागलं तरी चालतं. पण बोटाने पडद्यावर चालवताना क्रोनो सारखा दारांना अडतो, त्याने माझा जीव मेटाकुटीला आला. स्टीम डेक (पीसीचे गेम खेळायचा हँडहेल्ड) असेल तर पीसीची आवृत्ती चांगली. २०१८ मध्ये आली तेव्हा तिची अवस्था वाईट होती, पण नंतरच्या अपडेट्समध्ये मूळ चित्रांचा पर्याय दिला आणि बरंच सुधारलं. तुमच्याकडे थ्रीडीएस आहेच, तर नवं काही घेऊ नका.

आणि भाषांतराबद्दल कुणीच बोललं नाही! जुन्या इंग्रजी भाषांतरात फ्रॉग हा बेडूक-योद्धा जुन्या नाटकातल्या सरदारासारखा बोलायचा. डीएसवर भाषांतर नव्याने केलं आहे आणि तो साधं बोलतो. जपानी मुळातही तो असा पुरातन बोलत नाही, म्हणजे नवं रूप मुळाच्या जास्त जवळ आहे. तरी मला पहिल्या भेटीत चुकल्यासारखं झालं. तुम्ही जुनं खेळला आहात, म्हणून आधीच सांगून ठेवते.

घड्याळजी

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण तो मलाही पडला होता.

माझ्यासाठी गेम लहान झाला नाही, उलट त्याची बांधणी दिसायला लागली. सुरुवातीची जत्रा आठवा. मुलगी येऊन धडकते, तिचं लॉकेट उडून पडतं. तुम्ही आधी लॉकेट उचलता की आधी तिची विचारपूस करता? कुणाच्या तरी गाठोड्यातलं जेवण खाता का? हरवलेली मांजर त्या छोट्या मुलीकडे पोचवता का? लहानपणी आपण पडद्यावर दिसेल ते दाबत जातो. मग खटला उभा राहतो आणि एकेक गोष्ट साक्षीला येते. सात पंच एकेक करून येतात आणि आपण दीड तासापूर्वी काय केलं ते आपल्यासमोर मांडलं जातं. मी मोठेपणी खेळताना ते जेवण खाल्लं नाही, मांजर पोचवली, लॉकेटला हात लावण्याआधी तिच्याशी बोललो, आणि पंच निर्दोष म्हणत गेले तेव्हा खरोखर ऊर भरून आला.

दुसरी गोष्ट संगीताची. संगीतकार यासुनोरी मित्सुदा तेव्हा विशीतले होते, आधी ध्वनीचं तांत्रिक काम करत. संगीत द्यायला मिळत नसेल तर नोकरी सोडतो असं त्यांनी कंपनीतले वरिष्ठ साकागुचींना सांगितलं आणि हा गेम मिळाला. काम करता करता आजारी पडले, तेव्हा काही धुना दुसरे संगीतकार नोबुओ उएमात्सूंनी पूर्ण केल्या. ६०० सालात पोचलात की नकाशावर जी धून लागते, ती ऐकायला थोडा वेळ नुसते उभे राहा. हेडफोन लावा, डीएसचे स्पीकर तिला न्याय देत नाहीत.

हँडहेल्डवर हे सगळं जवळ येतं. टीव्हीवर आपण दोघं तिघं मिळून बघायचो, इथे ते एकट्याचं होतं. मला ते जास्त आवडलं.

अर्धवट_डाव

घड्याळजी, मनातलं बोललात. ते जेवण भावाने खाल्लं होतं आणि खटल्यात तो प्रसंग आल्यावर आम्ही दोघं गप्प झालो होतो, हे तुमचं वाचून आत्ता आठवलं.

ठरलं, डीएसचीच घेतो. वापरलेली घेताना काय बघावं? आणि वॉकथ्रू (पायरीपायरीने खेळ सांगणारं मार्गदर्शन) उघडावा का?

जुना_कंट्रोलर

नकली कार्ट्रिज फार फिरतात, मी स्वतः एका विक्रेत्याकडून फसलो आहे. वीस तास खेळल्यावर सेव्ह गायब. कार्ट्रिज हातात आली की पहिल्याच दिवशी एवढं करा: थोडं खेळून सेव्ह करा, बंद करा, कार्ट्रिज बाहेर काढा, परत घाला, सेव्ह आहे का बघा. पुढचे दोन दिवस हेच. लेबलाची छपाई फिकट असेल, अक्षरांच्या कडा फुटलेल्या असतील तर घेऊ नका. डीएसच्या कार्ट्रिजमध्ये सेव्हसाठी सुपर निन्टेंडोसारखा बॅटरीचा सेल नसतो, त्यामुळे अस्सल असेल तर जुनी म्हणून सेव्ह जाणार नाही. कार्ट्रिज दिसत नसेल तर घाबरू नका, सोनेरी पट्ट्यांवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस हलक्या हाताने फिरवा, पूर्ण वाळू द्या. डीएसच्या कार्ट्रिजला देशाचं बंधन नाही, फक्त भाषा तपासून घ्या.

आणि खूप दिवस पडून असलेल्या हँडहेल्डची बॅटरी आधी बघा. मागचं झाकण जरा जरी फुगल्यासारखं वाटलं तर चार्जिंगला लावू नका, बॅटरी बदला.

पानगळ

वॉकथ्रू नको. दोनच गोष्टी सांगते, दोन्ही रसभंगाच्या बाहेरच्या आहेत.

काळ्या बंद पेट्या दिसतील, ज्या उघडत नाहीत. पुढे कधीतरी त्या उघडायची सोय होते. तेव्हा ६०० सालातली पेटी तपासा, आतली वस्तू थरथरते, घ्यायची का विचारलं जातं. 'नाही' म्हणा. १००० सालात जाऊन तीच पेटी उघडा, चांगली वस्तू मिळेल. मग मागे येऊन ६०० चीही घ्या. चारशे वर्षं मुरलेली वस्तू आणि मूळची, दोन्ही हातात!

दुसरं, डीएसमध्ये नव्याने घातलेला एक मोठा भाग आहे, एकाच डोंगरावर वरखाली हेलपाटे घालायला लावणारा. तो सोडा. मूळ गेममध्ये एक क्षण फुकट जात नाही आणि हा भाग नेमका त्याच्या उलट आहे.

रानवाट

तो भाग इतकाही वाईट नाही, चांगली शस्त्रं मिळतात.

पानगळ

शस्त्रं मिळतात हे खरं, पण त्याच डोंगरावर सातव्यांदा चढताना मला गोष्ट काय चालली होती तेच आठवेना. पहिल्या खेपेला नकोच.

घड्याळजी

ग्राइंडही करू नका, म्हणजे ताकद वाढवायला त्याच त्या लढाया पुन्हा पुन्हा लढू नका, गरजच पडत नाही. अडलात तर लेव्हल वाढवण्याऐवजी शत्रूकडे नीट बघा. रणगाड्याशी लढताना त्याचं डोकं बाकीच्या भागांची दुरुस्ती करत असतं, आधी डोकं फोडायचं. डायनासोरच्या अंगाला तलवार लागत नाही, पण क्रोनोची वीज पडली की त्याचं कातडं सैल पडतं आणि मग साधा वारही भारी बसतो. मेगससमोर फ्रॉग असतोच. त्याच्या तलवारीचे वार मेगसचं जादूपासूनचं संरक्षण कमी करतात. मेगस कवच बदलत राहतो आणि एका वेळी एकाच प्रकारची जादू त्याला लागते. कवच बदललं की काय बोलतो ते वाचा, घाईने बटण दाबू नका. सेटिंगमध्ये 'वेट' ठेवलंत तर जादूची यादी वाचेपर्यंत वेळ थांबतो. मोठेपणी हे मला फार सोयीचं वाटलं.

आणखी एकच. किल्ल्याच्या बऱ्याच पुढे, वाळवंटाकाठच्या घरात राहणारी एक बाई रोपांबद्दल बोलेल. तेव्हा रोबो हे पात्र सोबत असू द्या. त्यानंतर अर्ध्या तासाची घाई ठेवू नका, हातात निवांत रात्र असेल तेव्हाच पुढे जा. यापेक्षा जास्त सांगत नाही.

शेवटचा_सेव्ह

वाचनखूण साठवली. मीही हाच गेम अर्धा टाकला होता.

अर्धवट_डाव

मंडळी, कार्ट्रिज आली, अस्सल आहे. जुना_कंट्रोलर यांनी सांगितलं तसं तीनदा काढून घालून पाहिलं, सेव्ह टिकतंय. स्टार्ट दाबून सुरू केल्यावरचा फरक बघून थक्क झालो.

पण एक अडचण आहे. तीन जागांपैकी पहिलीत आधीच्या मालकाचं सेव्ह आहे, ४१ तासांचं. त्याने क्रोनोला स्वतःचं नाव दिलेलं दिसतंय. तिसऱ्या जागेत दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आहे आणि वेळ फक्त बारा मिनिटं. धाकटं भावंड असावं असं मला वाटून गेलं. पुसावं की ठेवावं?

रानवाट

एक जागा पुरते.

पानगळ

ठेवा. मात्र ४१ तासांचं उघडून बघू नका, पुढचं सगळं दिसेल.

अर्धवट_डाव

दोन्ही ठेवली. मी मधल्या जागेत खेळतोय.

आज बरोबर तीन आठवडे झाले. रोज रात्री अर्धा तास, नकाशावर आलो की सेव्ह, झाकण बंद. जत्रेत मांजर पोचवली, जेवणाला हात लावला नाही. जादूच्या खोलीत तीन फेऱ्या मारताना मीही मोठ्याने मोजलं.

काल रात्री किल्ल्याच्या दारात उभा होतो. आत जाण्याआधी भावाला फोन केला. तो म्हणाला, "थांब, मीही घेतो हेडफोन." कॉल चालूच ठेवला. दोनदा हरलो. तिसऱ्यांदा घड्याळजींनी सांगितलं तसं कवचाचं वाक्य वाचत बसलो, फ्रॉगला नुसते तलवारीचे वार करायला लावले, आणि शेवटी मेगस मोठा मंत्र म्हणायला लागला तेव्हा मार्ल या सोबतिणीकडून सगळ्यांना सावरून घेतलं. पडला.

त्याच्यानंतर जे झालं ते मला माहीत नव्हतं. भावाला माहीत होतं, तो एक शब्द बोलला नाही. सेव्ह केलंय. आज रात्री पुढे.