सगळ्या फाइली येतात, एकच लग्नपत्रिका येत नाही (एसएमबीक्लायंट)

खिळेजुळारी

नमस्कार मंडळी. कमांडी उच्चाराप्रमाणे लिहितोय, सांभाळून घ्या.

सांगलीत गावभागात आमचा छापखाना आहे. खाली प्रेस, माडीवर घर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मशीन धुऊन-पुसून पुन्हा चालू झालं, पण चिखलातून काढलेले दोन्ही कॉम्प्युटर भंगारात गेले. एका वाचनालयाची स्मरणिका पानं लागून तयार होती, ती पहिल्या पानापासून परत लावली. तेव्हापासून दंडक असा, की दिवसभराचं काम रात्री माडीवर गेलंच पाहिजे.

माडीवर मुलाचा जुना लॅपटॉप आहे, त्यावर उबुंटू (लिनक्स). खाली विंडोज, ‘कामं’ नावाचं फोल्डर शेअर केलेलं. आधी मी माउसनं ओढून घ्यायचो. पण लग्नसराईत रात्री अकराला शटर ओढून वर आल्यावर फाइली ओढायचं भान कुणाला राहतंय. म्हणून मुलानं पुण्याहून फोनवर एसएमबीक्लायंट शिकवलं, म्हणजे विंडोजनं शेअर केलेल्या फोल्डरातून फाइली आणायची लिनक्सची कमांड. आपण एक ओळ लिहायची, त्यानं उत्तर द्यायचं. मला तर हे आवडलं. चित्रांवर टिचक्या मारण्यापेक्षा बरं.

पहिले दोन दिवस तिरक्या रेघांत गेले. खालच्या कॉम्प्युटरवर चिकटवलेल्या कागदावर पत्ता विंडोजच्या उलट्या रेघांनी लिहिलाय. तसाच टाइप केला की टर्मिनल सुरुवातीच्या दोन रेघांतली एक खातं आणि मधली तर सगळीच गिळतं. सर्व्हरचं आणि फोल्डरचं नाव एकमेकांना चिकटतं. मुलगा म्हणाला, बाबा, सरळ पुढे झुकणाऱ्या रेघा द्या, त्यालाही चालतात. चालल्या. वजा कॅपिटल एल दिलं की शेअर केलेल्या फोल्डरांची यादी येते, हेही तेव्हाच कळलं.

आता रोज रात्री साडेअकराला क्रॉन (ठरल्या वेळी कमांडी चालवणारा) एक स्क्रिप्ट चालवतो. युजरचं नाव, टक्क्याचं चिन्ह, लगेच पासवर्ड. मग वजा सी आणि अवतरणात चार कामं: एलसीडी करून माझ्या बॅकअपच्या फोल्डरात जा, रिकर्स (आतली फोल्डरंही घे), प्रॉम्प्ट, एमगेट तारा (सगळ्या फाइली आण). प्रॉम्प्ट हे बटणासारखं आहे, मुळात चालूच असतं. एकदा लिहिलं की बंद होतं, म्हणजे प्रत्येक फाइलला ‘आणू का’ विचारत बसत नाही. मी पहिल्यांदा दोनदा लिहिलं होतं. सकाळी उठून बघतो तर काहीच आलेलं नाही.

तर मुद्द्याचं. साधारण चार हजार फाइली येतात. गेल्या मंगळवारपासून एक येत नाही. लॉगमध्ये ‘एरर ओपनिंग लोकल फाइल’ आणि पुढे फाइलचं नाव. कारण काही नाही. बाकीच्या येतात, स्क्रिप्ट निमूट संपते.

आमचे प्रूफवाचक अण्णा (वय ७१) फाइलच्या नावात सगळी कथा लिहितात. म्हणतात, उघडायच्या आधी कळायला हवं. ही फाइल आलेली आहे:

मुलाकडची लग्नपत्रिका दुसरं प्रूफ मामांचं नाव दुरुस्त करून आत्याचं नाव वर घेऊन आता हेच फायनल.पीडीएफ

आणि ही येत नाही:

मुलाकडची लग्नपत्रिका दुसरं प्रूफ मामांचं नाव दुरुस्त करून आत्याचं नाव वर घेऊन आता पुन्हा हेच फायनल.पीडीएफ

फरक ‘पुन्हा’ या एका शब्दाचा. (फाइलवर शेवटची तीन अक्षरं अर्थात इंग्रजी पी-डी-एफच आहेत.) डिस्कवर जागा आहे. परवानग्या बघितल्या. विंडोजवर ती पीडीएफ नीट उघडते. एकटी गेट करून पाहिली, अवतरणात नाव घालून. तेच रडगाणं. ‘पुन्हा’मध्ये काय वाईट आहे?

*

आरसिंकप्रेमी

काका, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? ते फोल्डर सिफ्स म्हणून माउंट करा (लॅपटॉपचंच फोल्डर असल्यासारखं जोडा) आणि आरसिंक चालवा. बदललेल्या फाइलीच येतील. एमगेट रोज चार हजारच्या चार हजार परत ओढतं, आधीच्या कॉप्यांवर डोळे झाकून लिहितं.

अडलेल्या फाइलबद्दल: नावात जोडाक्षरांमध्ये कुठेतरी न दिसणारं चिन्ह शिरलं असेल. मराठी की-बोर्डवर होतं असं. नाव पुसून पुन्हा टाइप करायला सांगा.

*

खिळेजुळारी

पुसून पुन्हा टाइप केलं, मी स्वतः. नाही येत.

माउंट करून बघितलं होतं. त्याला सुडो (ॲडमिनचे अधिकार) लागतं. शिवाय खाली मध्येच वीज गेली की वरचं फोल्डर लटकून बसायचं, नुसतं उघडायला गेलं तरी लॅपटॉप ढिम्म. हे कसं, जोडलं, आणलं, सोडलं.

*

तारवाला

एमगेटवर माझा वेगळाच राग आहे. आणलेल्या प्रत्येक फाइलवर आणल्याची तारीख पडते. तीन महिन्यांनी ‘दिवाळीच्या आधीचं प्रूफ काढा’ म्हटलं की कपाळाला हात. एसएमबीक्लायंटमध्येच टारची सोय आहे: वजा कॅपिटल टी, त्याला सी जोडा, म्हणजे अख्खं फोल्डर एका गाठोड्यात येतं, मूळ तारखांसकट. सी च्या पुढे जी लावलं तर विंडोजनं ‘बदललेली’ अशी खूण केलेल्या फाइलीच घेतं. मात्र ए पण लावा, नाहीतर ती खूण पुसली जात नाही आणि उद्या तेच गाठोडं परत बांधाल.

तुमच्या पत्रिकेचं काय ते मला कळलेलं नाही.

*

रात्रपाळी

दवाखान्याच्या सर्व्हर रूममध्ये बसून लिहितेय, आत्ता जरा शांत आहे.

काका, आधी तो पासवर्ड स्क्रिप्टमधून काढा. टक्क्याचं चिन्ह लावून टर्मिनलमध्ये लिहिलेला पासवर्ड हिस्टरीत पडून राहतो, स्क्रिप्टमधला तर कुणालाही उघडून वाचता येतो. एक छोटी फाइल करा, तीन ओळींची: युजरनेम, पासवर्ड, डोमेन, प्रत्येकापुढे बरोबरचं चिन्ह आणि किंमत. घरचं नेटवर्क आहे तर डोमेनची ओळ नसली तरी चालेल. सीएचमॉड ६०० करा (म्हणजे ती तुमच्याशिवाय कुणाला वाचता येणार नाही), आणि एसएमबीक्लायंटला वजा कॅपिटल ए देऊन तिचा पत्ता सांगा.

आता पत्रिका. संदेशात ‘लोकल’ लिहिलंय तिकडे लक्ष द्या. खालचा कॉम्प्युटर फाइल द्यायला तयार आहे, ती ठेवून घ्यायला तुमचा लॅपटॉप नाही म्हणतोय. नाही का म्हणतो ते एसएमबीक्लायंट सांगत नाही, ही त्याची खोड आहे. म्हणून त्याला बाजूला ठेवा. लॅपटॉपवर टर्मिनल उघडा, टच (रिकामी फाइल बनवायची कमांड) लिहा, पुढे अवतरणात ते अख्खं नाव चिकटवा, एंटर. काय म्हणतो ते इथे लिहा.

*

खिळेजुळारी

‘फाइल नेम टू लाँग’!

पण ताई, लांब म्हणजे किती? मी मोजलं. स्पेस आणि टिंबासकट १०२ भरतात, काना-वेलांटी सुटी धरून. मुलगा म्हणतो दोन्हीकडे मर्यादा २५५ ची आहे.

*

रात्रपाळी

मुलगा बरोबर सांगतोय, फक्त दोन्हीकडचे २५५ एक नाहीत.

विंडोजचं एनटीएफएस (डिस्कवर फाइली ठेवायची त्याची पद्धत) यूटीएफ-१६ ची, म्हणजे अक्षरं साठवायच्या एका पद्धतीची, एककं मोजतं. आपलं प्रत्येक देवनागरी चिन्ह तिथे एक एकक. म्हणून १०२ म्हणजे त्याला अर्ध्याहून कमी. तुमच्या उबुंटूवरचं ईएक्सटी४ बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. इंग्रजी अक्षर, स्पेस, टिंब १ बाइटचं. म्हणून इंग्रजीत नावं देणाऱ्यांना ही भिंत सहसा लागतच नाही.

तुमची पत्रिका: देवनागरी चिन्हं ८३, त्यांचे २४९. स्पेस १५. टिंब आणि पीडीएफ मिळून ४. बेरीज २६८. तेरा बाइट जास्त. ‘पुन्हा’ काढा: चिन्हं ७७, म्हणजे २३१, स्पेस १४, वर ४. २४९. बसली. म्हणून ती आली आणि ही अडली. ‘पुन्हा’ बिचाऱ्याचा दोष नाही, तो फक्त शेवटचा चढला.

हिशेब स्वतः करायचा तर नाव प्रिंटएफनं डब्ल्यूसीकडे पाठवा. वजा सी बाइट सांगतो, वजा एम अक्षरं. फाइल आजच हवी असेल तर गेटला दोन नावं देता येतात: पहिलं तिकडचं, दुसरं इकडे जे ठेवायचं ते. रोजच्यासाठी मात्र मूळ नावच आखूड करावं लागेल. एसएमबीक्लायंटमध्ये रीनेम आहे, खाली उतरायची गरज नाही. टारच्या गाठोड्यात ती जाईल, पण लॅपटॉपवर गाठोडं सोडताना इथेच अडेल. आरसिंकही याच भिंतीवर आपटेल.

*

नव्याचा_जुना

धाग्यात घुसतोय, माफ करा. आमच्या सोसायटीच्या ऑफिसात दहा-बारा वर्षांपूर्वीचा नॅसचा (नेटवर्कवरून फाइली ठेवायचा) डबा आहे. मिंट (हेही लिनक्सच) नवीन टाकल्यापासून एसएमबीक्लायंट ‘प्रोटोकॉल निगोशिएशन फेल्ड’ म्हणतं. पासवर्ड विचारायच्या आधीच. डबा गेला का?

*

रात्रपाळी

डबा बहुतेक धडधाकट आहे, फक्त त्याला जुनी भाषाच येते. सांबाच्या (एसएमबीक्लायंट ज्यात येतं ते सॉफ्टवेअर) ४.११ पासून, म्हणजे २०१९ पासून, एसएमबी१, म्हणजे ती जुनी भाषा, मुळात बंद असतो. कारणही तसंच आहे, २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) त्याच दारातून जगभर घुसला. तुम्हाला डेटा काढून घ्यायचा असेल तर त्या एका कमांडीपुरतं ऑप्शन देऊन ‘क्लायंट मिन प्रोटोकॉल’ एनटी१ (म्हणजे एसएमबी१) करा. एसएमबी.कॉन्फमध्ये कायमचं लिहून ठेवू नका. डेटा काढा आणि डब्याला निरोप द्या.

*

खिळेजुळारी

ताई, शंभर आभार. पासवर्डची फाइल केली, ६०० केली. लॅपटॉपवर आलेल्या नावांची लांबी मोजली तर आणखी नऊ फाइली २४० च्या वर आहेत. नऊच्या नऊ अण्णांच्या.

आज सकाळी अण्णांपुढे विषय काढला. मी आणि ते दोघंही खिळे (छपाईची शिशाची सुटी अक्षरं) जुळवण्यातून आलेलो, त्यामुळे बाइट वगैरे न सांगता म्हटलं, अण्णा, प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी, प्रत्येक अनुस्वार सुटा मोजायचा आणि ऐंशीच्या आत राहायचं. लगेच पटलं. ‘म्हणजे स्टिकमध्ये खिळे भरतात तसंच की. डिग्री टाइपात मात्रेचा खिळा वेगळाच असायचा.’ चष्मा लावून ‘पुन्हा’ मोजायला बसले. प, उकार, अर्धा न, ह, काना. पाच.

मी म्हटलं, कॉम्प्युटर सहा मोजतो.

‘सहावा कुठला?’

अर्धा न हा त्याच्याकडे सुटा खिळा नाही. पूर्ण न घ्यायचा आणि पुढे पाय मोडायचं चिन्ह. त्यामुळे पूर्ण न चे ३ आणि अर्ध्या न चे ६.

अण्णा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. ‘अर्ध्याला पुऱ्याच्या दुप्पट जागा? हा केस कुणी लावला?’ केस म्हणजे खिळ्यांचे खण, इथल्या नव्या लोकांसाठी सांगतो. युनिकोडवाल्यांपैकी कुणी वाचत असेल तर अण्णांना उत्तर हवंय, मला देता आलं नाही.

दुपारी स्वतःच जाऊन त्यांनी नाव बदललं. रात्री साडेअकराची फेरी झाली, लॉग कोरा आहे. माडीवर फाइल आली ती अशी: मामा आत्या मिटलं.पीडीएफ

*

तारवाला

चिन्हं १४, स्पेस दोन, वर चार. ४८ बाइट. अण्णांना नमस्कार सांगा. आणि त्या फाइलवर तारीख आजचीच पडली असेल, बघा.

*

खिळेजुळारी

पडली आहे. उद्या टार करून बघतो.