शिबिरातला कृत्रिम पाय: मिळाला तर बरा, पण पुढे?

पाणंद: दिवाळी उलटली की आमच्या तालुक्यात शिबिरांचा हंगाम लागतो. 'मोफत कृत्रिम पाय' असा बॅनर, स्टेजवर पुढारी, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो (ज्याला पाय मिळाला तो हमखास कडेला). सकाळी माप घ्यायचं, संध्याकाळी पाय द्यायचा आणि परत तोंड दाखवायचं नाही, याला पुनर्वसन म्हणायला माझा विरोध आहे. अशी शिबिरं बंदच व्हावीत.

खरं दुखणं पावलात नसतं, सॉकेटमध्ये असतं. कापलेल्या पायाचा उरलेला भाग, म्हणजे स्टंप, ज्यात बसतो ते सॉकेट. ऑपरेशननंतर सूज ओसरते, स्नायू रोडावतात आणि महिन्याभरापूर्वी घट्ट बसलेलं सॉकेट सैल होतं. मग मोज्यावर मोजा चढवायचा. तेवढ्यानं भागेनासं झालं की स्टंप आत घसरतो, टोकावर भार येतो, कातडी सोलवटते. माझ्या चुलत्यांचा पाय शुगरमुळे गेला. त्यांना जखम झालेली कळतही नाही, मोज्याला रक्त लागलं की काकूला दिसतं. शिबिरातला पाय आता माळ्यावर आहे. सरकारी यादीत मात्र ते 'लाभार्थी'!

रानमोडी: ताई, मी स्वतः असा पाय वापरतो. उजवा, गुडघ्याखालून. शिबिरातच मिळाला. शिबिरं बंद करायची तर आम्ही जायचं कुठं? मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची संस्था आहे, पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. दोन्ही नावाजलेली. पण धडगावच्या माणसानं सोबत एकाला घेऊन तिथं जायचं म्हणजे गाडीभाडं, राहणं आणि दोघांची बुडालेली मजुरी. तोवर काखेत कुबड्या.

आणि शिबिरात मिळतो त्या पायाच्या पावलाला, म्हणजे जयपूर फूटला, नावं ठेवण्याआधी तो कशासाठी झाला ते बघा. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा या कारागिरानं आणि डॉ. प्रमोद करण सेठींनी तो जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात तयार केला. त्याआधीच्या परदेशी धाटणीच्या पावलाचा घोटा हलायचा नाही आणि वर बूट लागायचाच. त्यावर उकिडवं कसं बसणार? मांडी कशी घालणार? जयपूर फूट रबराचा, पाण्याला न भिणारा, अनवाणी चालणारा. मी त्याच पायानं भातलावणीला चिखलात उतरतो.

पाणंद: दादा, पावलाला मी नावं ठेवलीच नाहीत. वर पुन्हा वाचा. माझं भांडण पाठ फिरवून जाणाऱ्यांशी आहे.

रानमोडी: 'बंदच व्हावीत' हे तुमचेच शब्द!

किबोर्डवीर: २१व्या शतकात रबर आणि पाइप काय घेऊन बसलात? कार्बन फायबर, सेन्सरवाले गुडघे आलेत. सरकारनं तेच द्यावेत.

ठोकपीठ: किबोर्डवीर, सेन्सरवाल्या गुडघ्याला चार्जिंग लागतं आणि बिघडला तर कंपनीचा माणूस. तो धडगावला येणार का?

मी प्रोस्थेटिस्ट आहे, हेच काम करतो. एका दिवसात पाय होतो तो जादूनं नव्हे. स्टंपवर ओली पीओपीची पट्टी गुंडाळतो आणि ती आळायच्या आत गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही अंगठे दाबून धरतो, कारण चालताना भार तिथल्या कंडऱ्यावर, म्हणजे वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणाऱ्या जाड पट्ट्यावर, यायला हवा. त्या साच्यातून ठोकळा काढायचा. मग एचडीपीईचा पाइप, हो, शेतात पाण्याला वापरतात तोच, भट्टीत मऊ करून त्यावर ओढायचा. गार झाला की सॉकेट तयार.

आता पाणंदताईंच्या मुद्द्याकडे येतो. हे प्लॅस्टिक पुन्हा तापवलं की पुन्हा मऊ होतं. हाडाला टोचत असेल तिथं हीटगननं गरम करून थोडं बाहेर ढकलायचं, थोडक्यात काम होतं. सैल झालं तर आतून अस्तर भरता येतं, फारच सैल असेल तर सॉकेट नवं आणि पाऊल तेच. म्हणजे वस्तू दुरुस्तीजोगी आहे आणि आपण ती वापरून फेकायची असल्यासारखी वाटतोय. माझा राग यावर आहे. चुलत्यांना मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. जखम भरेपर्यंत तो पाय चढवू नका.

रानमोडी: हे पटलं. मग शिबिराच्या बॅनरवरच दुसऱ्या भेटीची तारीख छापा की. बंद कशाला?

पाणंद: छापतील हो, पण त्या तारखेला येणार कोण? आयोजकांचा फोन महिन्यानंतर कुणी उचलत नाही. ग्रामपंचायतीला दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवावा लागतो. आमच्याकडे तो बहुतेक वस्तू वाटण्यात जातो. चारपाच गावांनी मिळून त्यातून तिमाहीला एक दिवस तंत्रज्ञ बोलावला तर?

ठोकपीठ: बोलावलंत तर माझ्यासारखे येतील, पण फुकट नाही. प्रवासखर्च आणि दिवसाचा मेहनताना आधी ठरवा, आणि हीटगन चालेल एवढी वीज असलेली खोली द्या.

रानमोडी: खोली मी शाळेची मिळवून देतो. पैशाचं ग्रामसभेत ताईंनी मांडावं, त्यांना भांडायची सवय आहे.