तांदळाच्या कट्ट्यांची थप्पी: रोबोला थ्रीडी कॅमेरा लागतो का?

गोंदियाकर_फिटर: राइस मिलमध्ये 50 किलोचे कट्टे थप्पीला लावायचा रोबो विचारला की विक्रेता थ्रीडी कॅमेरा कोटेशनमध्ये घालतोच. मला तो खर्च फुकटचा वाटतो. दाब-रोलर कट्ट्याचं पोट बसवतो, फोटो सेन्सर 'आला' म्हणतो, रोबो एका थरात 5 ठेवतो, पुढचा थर फिरवून. जागा आधीच ठरलेली, मग बघायचं काय?

थप्पीवाला: भाऊ, कट्टा म्हणजे वीट नाही. पाच-सहा थरांनंतर एक बाजू दबते. रोबो मात्र कागदावरच्या उंचीवरच सोडणार. खाली पोकळी असली की कट्टा आपटतो अन् शिलाई उसवते.

गोंदियाकर_फिटर: त्याला ग्रिपरवर (कट्टा धरणाऱ्या पंजावर) अंतर मोजणारा एक लेझर पुरे. थ्रीडी कॅमेऱ्याचा अख्खा पॉइंट क्लाउड (हजारो बिंदूंचा नकाशा) कशाला?

कॅलिब्रेशन: लावायला नसेल लागत, पण ट्रकमधून उतरवायला? हमालांनी कसेही रचलेले कट्टे, कोण कुठे तिरपा, ते थ्रीडीशिवाय कळत नाही. फक्त कॅमेरा उंच टांगून मोकळं होऊ नका. स्टिरिओत, म्हणजे दोन लेन्सच्या चित्रांतल्या फरकावरून अंतर काढणाऱ्या कॅमेऱ्यात, चूक अंतराच्या वर्गाने वाढते. दोन लेन्समध्ये 100 मिमी, फोकल लांबी 1000 पिक्सेल धरा: दोन चित्रांतल्या एकाच बिंदूची जुळणी 0.1 पिक्सेलने चुकली तर 1.5 मीटरवर सव्वादोन मिमी, 3 मीटरवर थेट 9 मिमी. पांढऱ्या प्लास्टिक कट्ट्याची वीण सगळीकडे सारखीच, त्यात जुळणी फसते. वरून ठिपक्यांचा प्रकाश टाकावा लागतो. तागाच्या कट्ट्याला हा त्रास कमी.

थप्पीवाला: अन् कोंडा?

कॅलिब्रेशन: खरा शत्रू तोच. हवेतले कण मध्येच खोटे बिंदू देतात, म्हणून लागोपाठच्या चार-पाच चित्रांचा मध्यक (मधलं मूल्य) घ्या. काचेपुढे कोरड्या हवेचा झोत ठेवा. हवेच्या लाइनमध्ये पाणी आलं तर कोंडा चिकटून लेपच बसतो. दारातून ऊन थेट आत येत असेल तर ठिपके धुऊन निघतात, तिथे पडदा लावा.

गोंदियाकर_फिटर: बरं, उतरवायचं मान्य. पण धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या थरथरीत कॅलिब्रेशन (कॅमेरा अन् रोबोच्या जागांचा मेळ) टिकणार किती?

कॅलिब्रेशन: मशीनच्या फ्रेमवर बसवलं तर नाहीच टिकणार. ब्रॅकेट 1 अंश फिरला तरी 3 मीटरवर 52 मिमीची चूक, म्हणजे ग्रिपरची बोटं कट्ट्यात घुसणार. वेगळा खांब काँक्रीटमध्ये गाडा. नजरेत एक लोखंडी पाटी पक्की बसवा, दर पाळीच्या सुरुवातीला तिची जागा मोजा, 5 मिमीपेक्षा जास्त सरकली तर रोबो चालू होऊ देऊ नका.

गोंदियाकर_फिटर: म्हणजे कॅमेऱ्याइतकाच खांबाचाही खर्च धरा. कोटेशनमध्ये तो लिहिलेला नसतो.