‘सर्वांत मोठी मूळ संख्या’ असं लिहावं का?

(चौघांची चर्चा; प्रत्येकाची ओळख गावाच्या नावाने.)

खानापूर : शाळेच्या भित्तिपत्रकाला शीर्षक दिलंय, ‘जगातील सर्वांत मोठी मूळ संख्या’. सोबतच्या बाई म्हणतात, हे चुकतंय. शिवाय आमच्या वर्गात ‘मूळ संख्या’, शेजारच्या कन्नड वर्गात ‘अविभाज्य संख्ये’, आणि पोरं पीयूसीला (अकरावी-बारावीला) गेली की ‘प्राइम’. नेमकं काय लिहू?

निपाणी : बाईंचं बरोबर आहे की. मूळ संख्या, म्हणजे 2, 3, 5 अशा, 1 आणि स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग न जाणाऱ्या 1 पेक्षा मोठ्या संख्या, अनंत आहेत हे ग्रीक गणिती युक्लिडने केव्हाच सिद्ध केलंय, मग सर्वांत मोठी असेल कुठून? ‘ऑक्टोबर 2024 मध्ये सापडलेली विक्रमी मूळ संख्या’ म्हणा. ती म्हणजे 2 चा 136279841 वा घात वजा 1. ल्यूक ड्युरंट यांनी शोधली. आणि ‘4 कोटींची संख्या’ लिहू नका बरं का. 4 कोटी ही फक्त आठ अंकी संख्या. ही 4,10,24,320 अंकी आहे. ‘अंकी’ गाळलं की सगळाच घोटाळा.

बेळगाव : मला ‘मूळ’च आवडतो. ‘अविभाज्य’ म्हटलं की पोरं विचारतात, 1 तरी कुठे फुटतो, मग तो का नाही? ‘मूळ’ म्हटलं की उत्तर हाताशी असतं : बाकीच्या संख्या ज्यांच्या गुणाकारातून बनतात त्या मूळ. 60 म्हणजे 2×2×3×5, क्रम सोडला तर दुसरी रीतच नाही. 1 ला त्यात घेतलं तर तो कितीही वेळा घुसवता येईल आणि ‘एकच रीत’ हे म्हणणं बुडेल. गोंधळ होतो तो वर्गमूळाशी. ‘25 चं मूळ 5’ आणि ‘5 ही मूळ’, दोन्ही एकाच तासाला आलं की झालं!

चिकोडी : ‘मर्सेन संख्या’ आणि ‘मर्सेन मूळ संख्या’ यांतही फरक ठेवा. 2 चा कुठलाही घात वजा 1 म्हणजे मर्सेन संख्या; ती विक्रमी संख्याही त्यातलीच. ती मूळ यायची तर घातांक मूळ लागतोच, पण तेवढ्याने भागत नाही. घातांक 11 घ्या : 2047 येते, म्हणजे 23×89. खुद्द फ्रेंच गणिती मर्सेनच्या 1644 च्या, मूळ संख्या देणाऱ्या घातांकांच्या यादीत 67 होता, आणि अमेरिकन गणिती कोलने 1903 मध्ये 2 चा 67 वा घात वजा 1 या संख्येचे अवयव काढून दाखवले.

खानापूर : मग एवढी अगडबंब संख्या मूळ आहे हे ठरवतात कसं? भागून भागून तर जन्म जाईल.

चिकोडी : लुकास-लेमर कसोटी. घातांक 5, संख्या 31 घेऊन फळ्यावरच करा. 4 पासून सुरुवात; वर्ग करायचा, 2 वजा करायचे, 31 ने भागून बाकी ठेवायची. 4 चे 14. 14 चे 194, बाकी 8. 8 चे 62, बाकी 0. घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे तीन पायऱ्यांत शून्य आलं, तर 31 मूळ. विक्रमी संख्येलाही हीच कसोटी, फक्त पायऱ्या 13,62,79,839.