खडकाळ वाटेसाठी बाबागाडी: आधी चाकं बघा

खडकाळ वाटेवर न्यायला बाबागाडी तीन चाकी घ्यावी की चार चाकी, असा प्रश्न पडतो. माझ्या मते त्याआधी चाकं कशी आहेत ते बघा. हवेचे टायर आणि मागची चाकं निदान 12 इंची असतील तर दगडगोट्यांचे दणके बाळापर्यंत कमी पोचतात. छोटी, कडक प्लास्टिकची चाकं चिखलात रुततात. पंक्चरची धास्ती असेल तर फोम भरलेले टायर मिळतात, पण ते जरा कडक लागतात.

पुढचं चाक लॉक होतं का, हे दुकानातच करून बघा. मोकळं फिरणारं चाक खड्ड्यात आडवं होतं आणि गाडी अडकून बसते. लॉक केल्यावर वळताना हँडल खाली दाबून पुढचं चाक उचलावं लागतं, पण त्याची सवय होते. वाटेत उतार असेल तर हातब्रेक आणि मनगटाचा पट्टा (गाडी हातातून सुटू नये म्हणून हँडलपासून मनगटाला अडकवायचा) हवाच, यात तडजोड नको. चाकं चटकन निघत असतील तर फारच छान, चिखल धुवायला आणि डिकीत ठेवायला सोपं.

आणि बाळाने अजून मान धरली नसेल, तर अशा वाटेवर गाडी नकोच. त्याला अंगाशी नीट बांधून न्या.