मदत हवी आहे: डायलिसिसच्या रुग्णाला फायबर कुठून द्यायचं?

ठाणे-नवी मुंबईतल्या आहारतज्ज्ञ आणि डायलिसिस टेक्निशियन मंडळींना विचारायचंय. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, पोटॅशियम 5.6, दिवसाला पाणी 800 मिली आणि पोट साफ होतं तीन-चार दिवसांनी. अशा रुग्णाला फायबर कशातून देता?

बद्धकोष्ठता इथे किरकोळ तक्रार नाही. मोठ्या आतड्यात फायबर संपलं की जिवाणू उरलेल्या प्रथिनांकडे वळतात. प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅनपासून इंडोल, टायरोसिनपासून पी-क्रेसॉल तयार होतं. पुढे त्यांची सल्फेटं बनतात आणि ती रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला इतकी चिकटतात की डायलिसिसमध्ये नीट निघत नाहीत. मळ रेंगाळला की ही विषं वाढणार. शिवाय किडनी थकल्यावर पोटॅशियम शौचावाटे जास्त जातं, ती वाटही बंद.

पोटॅशियम कमी व्हावं म्हणून भाज्या बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकणं चालू आहे (रस्सा बाद, घरचे नाराज). अडतंय ते इसबगोलापाशी. चमचाभर भुशीला पेलाभर पाणी लागतं, कमी पडलं तर ती फुगून घशात किंवा आतड्यात अडकते. तो पेला तुम्ही 800 मधून वजा करता, की थेट लॅक्टुलोज (पोट साफ होण्याचं औषध) देता?

दुसरं, ज्वारीतला फॉस्फरस बराचसा फायटेटमध्ये (धान्यातलं आपल्याला नीट न पचणारं संयुग) अडकलेला असतो, त्यामुळे भाकरी सरसकट बंद करणं पटत नाही. रोज किती देता?

मिल्क ऑफ मॅग्नेशिया कृपया सुचवू नका, मॅग्नेशियम साचतं.