अठरा वर्षांखालच्या मुलांची ईसीटी: आधी आणि नंतर एमआरआय काढावा का?

राधानगरी_रोड
औषधांना दाद न देणाऱ्या तीव्र नैराश्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ईसीटी (भूल देऊन, डोक्याला विजेचा झटका देऊन मुद्दाम आकडी आणण्याचा उपचार) सुचवली, की कोल्हापुरात घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "शॉक देऊन मेंदूला काही होणार नाही न्हवं?" माझं मत असं की उपचाराआधी एक आणि कोर्स संपल्यावर एक असे दोन एमआरआय काढून त्यांच्यासमोर ठेवावेत. या वयाच्या मुलांवरचे इमेजिंगचे अभ्यास थोडे आहेत, बरेचसे चीनमधले आणि लहान गटांवरचे. इथं फिल्म जमत गेल्या तर आपलीही भर पडेल.

तीन_टेस्ला
दोन फिल्म शेजारी ठेवून दिसणार काय? नेहमीचा ब्रेन एमआरआय म्हणजे साधारण ५ मिमी जाडीचे काप. गाठ, रक्तस्राव, पाणी साचणं यासाठी तो ठीक. हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मरणशक्तीशी जोडलेला भाग) मोजायला १ मिमीचा त्रिमितीय टी-१ स्कॅन लागतो. तोही दोन्ही वेळा त्याच मशीनवर, त्याच कॉइलमध्ये, त्याच सेटिंगवर. मधे मशीनचं सॉफ्टवेअर बदललं की तुलनेवर भरवसा ठेवू नका.

आता हिशेब बघा. एका बाजूचा हिप्पोकॅम्पस साधारण ३ ते ३.५ मिली. ईसीटीनंतर प्रौढांत दिसलेली सरासरी वाढ ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ०.१ मिली. डोकं किंचित वेगळं टेकलं, स्कॅन चालू असताना मूल हललं, तरी आकडा तेवढा सरकू शकतो. गटाच्या सरासरीत हा फरक पकडता येतो, एकट्या पोराच्या फिल्मवर नाही.

राधानगरी_रोड
पण दिसते ती वाढच ना? मेंदू आक्रसतो ही भीती तरी जाईल.

शाहूपुरी_ओपीडी
गटाचे निष्कर्ष सांगून भीती घालवा की, त्याला पोराची फिल्म कशाला? जीईएमआरआयसी या आंतरराष्ट्रीय गटाने २०१८ मध्ये २८१ रुग्णांची मापं मांडली. जितके झटके जास्त तितकी वाढ जास्त. इलेक्ट्रोड फक्त उजवीकडे असतील तर उजव्या बाजूला अधिक. पण झटक्यांची संख्या हिशेबात धरल्यावर वाढीचा आणि नैराश्य कमी होण्याचा संबंध उरला नाही. मग ज्या पोराचा आकडा हललाच नाही, त्याच्या आईला काय सांगणार?

शिवाय ती मापं प्रौढांची. किशोरवयात मेंदूचं बाह्यक, म्हणजे बाहेरचा थर, एरवीही पातळ होत असतं. त्याच वयाची निरोगी मुलं तेवढ्याच अंतराने दोनदा स्कॅन केल्याशिवाय वाढीचा भाग कुठला आणि उपचाराचा कुठला, हे वेगळं काढता येत नाही.

पन्हाळा_पायथा
मग संशोधन करूच नका म्हणा! विश्रांतीतला एफएमआरआय (नुसतं पडून असताना मेंदूचं काम टिपणारा स्कॅन) तरी काढा, आठ-दहा मिनिटांचं काम. मेंदूतल्या जोडण्या बदलतात हे त्यातच दिसतं.

तीन_टेस्ला
करा, पण संशोधन म्हणून करा. नीतिसमितीची मान्यता घेऊन, घरच्यांच्या खिशाला हात न लावता. एफएमआरआयमध्ये ०.२ मिमी हालचालही जोडण्यांचे आकडे बिघडवते. खोल नैराश्यातलं मूल आधी दगडासारखं पडून राहतं, बरं वाटायला लागल्यावर चुळबुळ करतं (अस्वस्थ प्रकारात नेमकं उलट). तो हालचालीतला फरकच उपचाराचा परिणाम म्हणून छापला जाण्याचा धोका असतो. शांत राहावं म्हणून लोराझेपाम दिलं तर स्कॅनही बदलतो आणि आकडी यायचा उंबरठाही वर जातो.

भूल_आणि_भडंग
इमेजिंगवर भांडताय, पण लक्ष टेबलावर द्या. या वयात उंबरठा सहसा कमी असतो, म्हणून मोठ्यांचा डोस लावून चालत नाही. कमी चार्जपासून चढवत जायचं. आकडी किती वेळ चालली ते ईईजीवर (मेंदूतल्या विजेच्या आलेखावर) बघायचं, हातापायाच्या हालचालीवर नाही. २०-२५ सेकंदांच्या आत थांबली तर आखूड. तीन मिनिटांच्या पुढे गेली तर मिडाझोलाम किंवा प्रोपोफॉल देऊन थांबवायची. मुलांत ती लांबण्याची शक्यता जास्त. भुलीला प्रोपोफॉल असेल तर आकडी आखडते, हेही ध्यानात ठेवा.

कलम_९५
२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्नायू शिथिल करणारं औषध आणि भूल दिल्याशिवाय ईसीटी देता येत नाही, मग वय काहीही असो. अठराखाली ती मुळात मनाईतच आहे. उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाला गरज वाटली तर पालकाची माहितीपूर्ण संमती आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची पूर्वपरवानगी, दोन्ही लागतात. तातडीच्या उपचारांच्या कलम ९४ मध्येही ईसीटीला वाट नाही. यात एमआरआयची अट कुठेच नाही.

राधानगरी_रोड
दुसरा स्कॅन सोडला. पहिल्यावर मी ठाम आहे. सोळाव्या वर्षी अचानक एवढं खोल नैराश्य आलं, तर आत गाठ नाही हे कळायलाच हवं.

शाहूपुरी_ओपीडी
सरसकट नको. सकाळची डोकेदुखी, उलट्या, नवी आकडी, एका अंगाची कमजोरी, वागण्यात विचित्र बदल, नाहीतर डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीत सूज दिसली, तर स्कॅन झाल्याशिवाय ईसीटी नाहीच. कवटीतला दाब आधीच वाढलेला असेल तर झटक्याने तो आणखी चढतो. यातलं काही नसेल तर ते पैसे सोळा वर्षांच्या मुलाच्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांवर घाला: कोर्सआधी, कोर्सनंतर आणि दोन-तीन महिन्यांनी. शाळेत परतल्यावर त्याला अडचण त्याचीच येते.

भूल_आणि_भडंग
आणि दातांना तारा आहेत का हे दोन्हीकडे आधी विचारा. स्टीलच्या तारांनी स्कॅनचा पुढचा भाग वेडावाकडा येतो. ईसीटीत तर स्नायू शिथिल असूनही जबडा थेट करंटने आवळतो, म्हणून बाइट ब्लॉक (दातांमध्ये ठेवायचा मऊ ठोकळा) नीट बसवायचा आणि सैल दात, सुटलेली तार आधीच दंतवैद्याला दाखवायची.